नवा वाण आधी पट्ट्यात, मग शिवारात

(नभोवाणी भाषणाचा मजकूर)



मृग तोंडावर आला की पारावर, बाजारात, कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर एकच प्रश्न ऐकू येतो. यंदा सोयाबीनचा कोणता वाण पेरायचा? कोणी सांगतो, अमक्याच्या शेतात गेल्या साली एकरी बारा क्विंटल पडले. कोणी मोबाईलवर आलेला, शेंगांनी लगडलेल्या झाडाचा फोटो दाखवतो. मग पाच एकरांचा धनी पाचही एकरांत पूर्वी कधी न पाहिलेला वाण पेरून मोकळा होतो. साधला तर ठीक. नाही साधला तर बियाणं, खत, मजुरी यांचा खर्च तर जातोच, पण सगळ्यांत मोलाचा म्हणजे आख्खा खरीप हातचा जातो. तो काही पुन्हा विकत मिळत नाही.

आज मी आपल्याला अमुक एक वाण पेरा असं सांगणार नाही. वाण कसा तयार होतो, शास्त्रज्ञ त्याची पारख कशी करतात, आणि तीच पारख आपण आपल्या शेतात अवघ्या साडेसात किलो बियाण्यावर कशी करायची, एवढंच सांगायचं आहे.

सोयाबीन आपल्याकडे कसे रुजले

सोयाबीन हे मूळचे चीनकडचे पीक. मध्य भारतात काळ्या दाण्याचे 'कालीतूर' नावाचे सोयाबीन फार पूर्वीपासून थोडेफार होत असे, पण मोठ्या प्रमाणावर लागवडीचा विचार सुरू झाला तो १९६० नंतरच्या दशकात. जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने 'ब्रॅग', 'ली', 'क्लार्क-६३' असे परदेशी वाण आपल्या जमिनीत लावून पाहिले. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित सोयाबीन संशोधन प्रकल्प सुरू झाला. पुढे १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीनसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले.

परदेशातला चांगला वाण आणून पेरला की काम झालं, असं मात्र घडलं नाही. सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालणारे पीक आहे. दिवस लहान होऊ लागले की त्याला फुलांची ओढ लागते. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्याचे दिवस आपल्यापेक्षा मोठे असतात. तिकडे कमरेएवढे वाढणारे झाड आपल्याकडे लवकर फुलावर येते, खुजे राहते आणि शेंगा कमी धरतात. आपल्याकडे पेरणीला उशीर झाला की झाडाची उंची कमी राहते, हे आपण दरसाल पाहतोच. त्याचेही एक कारण हेच.

दुसरी अडचण बियाण्याची. मोठ्या दाण्याच्या पिवळ्या सोयाबीनचे बी आपल्या दमट-उष्ण हवेत साठवले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. उलट बारीक, काळ्या दाण्याच्या कालीतूरचे बी चांगले टिकत असे. म्हणजे परक्याचे उत्पादन आणि घरच्याचा टिकाऊपणा असा मेळ घालायचा होता. त्यासाठी आपले वाण आपल्याच मातीत तयार करणे भाग होते.

वाण कसा तयार होतो

सोयाबीनचे फूल अगदी लहान असते. ते उमलण्याआधीच कळीच्या आतल्या आत त्याचे परागसिंचन होऊन जाते. म्हणून या पिकाला स्वपरागसिंचित पीक म्हणतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे घरच्या बियाण्याच्या वेळी तिचा उपयोग होणार आहे.

दोन वाणांचा संकर करायचा तर शास्त्रज्ञाला दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी हेरावी लागते. बारीक चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि आतले दहा पुंकेसर काढून टाकायचे. मधल्या नाजूक स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. एवढं करूनही पुष्कळ कळ्या गळून जातात. ज्या धरतात त्यांच्यात दोन-तीन दाणे मिळतात.

संकर साधला की फसला हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मादी झाड पांढऱ्या फुलांचे आणि नर झाड जांभळ्या फुलांचे घेतले, तर त्या दाण्यातून उगवलेल्या झाडाला जांभळी फुले यायला हवीत, कारण जांभळा रंग पांढऱ्यावर वरचढ असतो. पांढरीच फुले आली तर समजावे की कळीतले स्वतःचेच पराग आत राहिले होते.

पहिल्या पिढीची झाडे सगळी सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र एकाच घरातल्या भावंडांसारखी निरनिराळी रूपे बाहेर पडतात. कोणी उंच, कोणी बुटके, कोणी लवकर पिकणारे, कोणी रोगाला बळी पडणारे. यातून चांगली झाडे निवडायची, प्रत्येकाचे बी वेगळे ठेवायचे, पुढच्या हंगामात प्रत्येकाची वेगळी ओळ पेरायची आणि पुन्हा निवडायचे. सहाव्या-सातव्या पिढीच्या सुमारास ओळीतली झाडे एकसारखी दिसू लागतात. तेव्हा कुठे तो पारखायला घेण्याजोगा होतो. पहिल्या संकरापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारण दहा-बारा वर्षे जातात.

आपल्या ओळखीचा जेएस-३३५ हा वाण असाच दोन वाणांच्या संकरातून जबलपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाला आणि १९९४ मध्ये प्रसारित झाला. पुढे कित्येक वर्षे मध्य प्रदेशापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत जिकडे पाहावे तिकडे तोच. त्याने अनेक घरांत पैसा आणला हे खरंच. पण सगळ्या शिवारात एकच वाण असला की एखादी रोगराई त्याला लागू पडली म्हणजे सगळे शिवार एकदम आजारी पडते. पिवळा मोझॅक, मूळकूज, चक्रभुंगा यांना हा वाण अलीकडे बळी पडू लागला. २०२३ च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकने किती शेते पिवळी केली, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून नवे वाण लागतात, आणि एका शेतात दोन-तीन वाण ठेवणे शहाणपणाचे ठरते.

अडचण सांगितली तर वाण मिळतो

नवा वाण कोणत्या कामासाठी काढायचा, हे शेतकऱ्याच्या अडचणीवरून ठरते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा या भागात पावसाळी दमट हवेमुळे सोयाबीनवर तांबेरा पडतो. पाने तांबूस-तपकिरी होऊन गळतात आणि दाणा पोचट राहतो. जिथे रोग हमखास येतो तिथेच नव्या ओळी लावल्या, तर कोणती तग धरते ते आपोआप उघड होते. या केंद्रात तेच झाले. त्यातून केडीएस-३४४ म्हणजे 'फुले अग्रणी' आणि केडीएस-७२६ म्हणजे 'फुले संगम' असे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण बाहेर आले. नावातली 'केडीएस' ही अक्षरे कसबे डिग्रजचीच.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठापुढे प्रश्न वेगळा होता. काढणीला चार दिवस उशीर झाला की शेंगा तडकून दाणा रानात पडायचा. तिथल्या एमएयूएस-७१ म्हणजे 'समृद्धी' या वाणाच्या शेंगा लवकर तडकत नाहीत. मजूर मिळेनात म्हणून यंत्राने कापणी करायची तर खालची शेंग जमिनीपासून उंच हवी. त्यासाठी एमएयूएस-१६२ काढला.

ही रीत आपल्याकडेच आहे असे नाही. आफ्रिकेतही छोट्या शेतकऱ्यांसाठी असेच काम झाले. नायजेरियात इबादान येथे उष्ण कटिबंधातील शेतीसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरण्यासाठी ठराविक जिवाणू लागतात. आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो ते त्यासाठीच. आफ्रिकेच्या जमिनीत हे जिवाणू नव्हते आणि खेड्यात जिवाणू खताचे पाकीट मिळत नव्हते. तेव्हा त्या संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगळी वाट धरली. तिथल्या मातीत आधीच असलेल्या, चवळीच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंशीही जमवून घेतील असे सोयाबीन त्यांनी आग्नेय आशियातील वाणांचा संकर करून तयार केले. पाकीट शेतकऱ्यापर्यंत पोचेना, म्हणून झाडालाच तिथल्या मातीशी जमवून घ्यायला लावलं.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. कृषी विज्ञान केंद्रात किंवा शिवारफेरीला गेलात तर नुसतं "उत्पन्न किती?" विचारून परत येऊ नका. आपली अडचण सांगा. पाणी साचतं का, ऑक्टोबरात पाऊस गाठतो का, खोडमाशी येते का. संशोधनाला दिशा तिथून मिळते.

चाचणी म्हणजे काय

तयार झालेला वाण आधी संशोधन केंद्राच्या शेतात, मग राज्यात निरनिराळ्या ठिकाणी, आणि पुढे समन्वित प्रकल्पात देशभर पारखला जातो. देशपातळीवरची ही चाचणी साधारण तीन हंगाम चालते. त्यासाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. विदर्भ आणि मराठवाडा हे मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात यांच्यासोबत मध्य विभागात येतात. दक्षिण महाराष्ट्र मात्र कर्नाटक, तेलंगण, आंध्र यांच्यासोबत दक्षिण विभागात मोडतो. म्हणून लातूरला शिफारस झालेला वाण सांगलीला चालेलच, किंवा सांगलीचा लातूरला चालेलच, असे धरून चालू नये.

चाचणीत तीन गोष्टी कटाक्षाने पाळतात. पहिली, नव्या वाणाशेजारी जुना, नावाजलेला वाण तुलनेला लावतात. दुसरी, प्रत्येक वाण एकाच तुकड्यात न लावता तीन-चार ठिकाणी विखरून लावतात, म्हणजे जमिनीच्या चढउताराने फसवणूक होत नाही. तिसरी, एकाच वर्षावर निकाल देत नाहीत, कारण एक साल पावसाचे तर दुसरे उघडिपीचे.

या सगळ्यातून तावून-सुलाखून निघालेला वाण शासनाकडून अधिसूचित होतो. तो अमुक विभागासाठी, अमुक दिवसांत येणारा, असे त्यात लिहिलेले असते. हे लिहिलेलं आपण वाचत नाही, आणि गफलत तिथंच होते.

आकडा कुठला, ते आधी विचारा

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस-१४०७ नावाचा वाण काढला. त्याची माहिती २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून आली. हेक्टरी ३९ क्विंटल उत्पादन, सुमारे १०४ दिवसांत पक्व, शेंगा न तडकणारा, यंत्राने कापता येणारा. हेक्टरी ३९ म्हणजे एकरी जवळजवळ १६ क्विंटल. आकडा वाचून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण त्याच बातमीत पुढे लिहिलेलं होतं की हा वाण आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी आहे. वाण पुण्यात जन्मला तरी त्याची पारख आणि शिफारस पूर्वेकडच्या पावसासाठी झाली. वाण चांगलाच आहे, पण तो आकडा आपल्या शिवारातला नव्हे.

शिवाय कोणताही जाहीर आकडा हा चांगल्या मशागतीच्या, वेळेवर पेरलेल्या चाचणीचा असतो. आपल्या मुरमाड माळावर तो कसा उतरेल, हे सांगायला आपलं शेतच हवं. म्हणून चाचणीचा शेवटचा टप्पा आपण करायचा.

अर्ध्या एकरातली आपली चाचणी

शक्य तितका सपाट, एकसारख्या जमिनीचा अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे निवडा. बांधावरच्या झाडाची सावली, उकिरड्याची जुनी जागा, पाणी साचणारा कोपरा टाळा. त्याचे पाच-पाच गुंठ्यांचे, सारख्या लांबीरुंदीचे चार पट्टे पाडा. एका बाजूने क्रम असा ठेवा : जुना, नवा, नवा, जुना. जुना म्हणजे आपण आजवर पेरत आलेला वाण.

हा क्रम का? आपली जमीन कितीही सपाट दिसली तरी एका अंगाला थोडी हलकी, दुसऱ्या अंगाला थोडी भारी असतेच. या क्रमामुळे जुन्या वाणाला एक हलका आणि एक भारी पट्टा मिळतो, नव्याला मधले दोन मिळतात, आणि सरासरी काढली की जमिनीचा फरक बहुतांशी मिटतो.

चारही पट्टे एकाच दिवशी पेरा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्याशिवाय पेरू नका. दोन ओळींतले अंतर १८ इंच, खोली दीड इंचापेक्षा जास्त नको. वाण बदलताना पेरणी यंत्राची पेटी झाडून-पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी भेसळ होईल. खत, खुरपणी, कोळपणी, फवारणी चारही पट्ट्यांना सारखी. नव्याचे लाड करायचे नाहीत.

बियाणे किती लागेल? एकरी तीस किलो धरले तर नव्या वाणाच्या दहा गुंठ्यांना साडेसात किलो. तीस किलोची पिशवी घेतली तर चार शेतकऱ्यांची चाचणी एका पिशवीत होते. चौघांची चार शेते म्हणजे गावापुरती चार ठिकाणांची चाचणीच झाली. पिशवी कोणाच्याही नावावर घ्या, पण पावती, पिशवी आणि तिच्यावरची खूणचिठ्ठी जपून ठेवा, आणि मूठभर बी बाजूला काढून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच पुरावे लागतात.

हिशेब असा मांडा

काढणी झाली की चारही पट्ट्यांचा माल वेगवेगळा मळा, सारखा वाळवा आणि वेगवेगळा तोला. नजरेने अंदाज करू नका. पाच गुंठ्यांच्या वजनाला आठाने गुणले की एकरी उत्पादन निघते.

समजा, वजने अशी आली. पहिला पट्टा, जुना वाण, ८४ किलो. दुसरा, नवा, ९७ किलो. तिसरा, नवा, १०३ किलो. चौथा, जुना, १०८ किलो. जुन्याची सरासरी ९६ किलो, नव्याची १०० किलो. म्हणजे नव्याने पाच गुंठ्यांत चार किलो, एकरी ३२ किलो जास्त दिले.

आता दुसरीकडे पाहा. जुन्याच्याच दोन पट्ट्यांत २४ किलोंचा फरक आहे. तो वाणाचा नव्हे, जमिनीचा. जिथे एकाच वाणात २४ किलोंचा फरक पडतो, तिथे दोन वाणांतल्या चार किलोंच्या फरकावर नाचण्यात अर्थ नाही. दोन्ही वाण यंदा सारखेच उतरले असे लिहून ठेवा आणि पुढच्या साली पुन्हा पाहा.

आणि चार पट्टे न करता कोणी नुसते पहिल्या पट्ट्याएवढे जुने आणि तिसऱ्या पट्ट्याएवढे नवे पेरले असते तर? ८४ विरुद्ध १०३. एकरी दीड क्विंटल जास्त! त्याने गावभर डंका पिटला असता आणि पुढच्या साली सगळे शिवार नव्या वाणाखाली गेले असते. निम्म्या ऐकीव गोष्टी अशाच तयार होतात, बरं का. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने जमिनीचे उत्पन्न वाणाच्या नावावर मांडलेले असते.

वजनाखेरीज काय पाहायचे

एक साधी वही करा. घरातल्या शाळकरी मुलामुलीला हे काम द्या, आवडीने करतील. पेरणीची तारीख, दहा फूट ओळीत किती रोपे उगवली, निम्म्या झाडांना फुले आली ती तारीख, कोणता रोग-कीड कोणत्या पट्ट्यात आधी दिसली, सर्वांत खालची शेंग जमिनीपासून किती बोटे वर आहे, काढणीची तारीख, आणि काढणी आठ दिवस लांबवली तर शेंगा तडकतात का. यासाठी प्रत्येक पट्ट्याच्या कडेची चार झाडे तशीच उभी ठेवा.

दिवसांचा हिशेब वजनाइतकाच महत्त्वाचा. ९० दिवसांत येणारा वाण १०५ दिवसांच्या वाणापेक्षा अर्धा क्विंटल कमी देईल, पण त्यामागे ओलीवर हरभरा साधत असेल तर फायदा त्याचाच. हलक्या, उथळ जमिनीत ओल लवकर संपते. तिथे सप्टेंबरची उघडीप लांबली की उशिराचा वाण दाणे भरतानाच मार खातो. भारी काळ्या जमिनीत मात्र तोच वाण बाजी मारतो. म्हणून शेजाऱ्याचा निकाल आपला निकाल धरू नका. मधे बांध एकच असला तरी माती निराळी असू शकते.

दोन वर्षे थांबायचे, तर नुकसान नाही का?

असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उत्तर हिशेबातच आहे. दहा गुंठ्यांत नव्या वाणाचे दोनशे किलो झाले, तर एकरी तीस किलोप्रमाणे सहा एकरांचे बियाणे घरातच तयार झाले. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळे दोन वाणांत तीन मीटर अंतर राखले तरी बी शुद्ध राहते. म्हणून बियाण्यासाठी ठेवायचा माल पट्ट्याच्या मधल्या ओळींतून घ्या. फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांची, वेगळ्या पानांची झाडे दिसतील ती उपटून टाका. हे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. वाणांच्या हक्कांसंबंधीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. फक्त ते कंपनीच्या नावाने, छापील पिशवीत विकता येत नाही.

पण सोयाबीनचे बी काचेच्या भांड्यासारखे जपावे लागते. त्याचे साल पातळ आणि कोंब सालाखालीच असतो. मळणी यंत्राचा वेग मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांपेक्षा जास्त ठेवू नका. बी ताडपत्रीवर वाळवा, तापलेल्या फरशीवर नको. पोती उंचावरून आपटू नका, पाच-सहापेक्षा जास्त पोत्यांची थप्पी लावू नका, खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी झाल्या होत्या. त्याआधीच्या हंगामात, २०१९ साली, ऐन काढणीत पावसाने पीक भिजले होते, हे त्याचे एक मोठे कारण. बी भिजले की वाण कितीही नावाजलेला असो, कोंब वर येत नाही.

म्हणून विकतचे असो की घरचे, पेरणीआधी उगवण तपासाच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक असतील तर एकरी तीस किलो पुरे. साठच असतील तर पस्तीस किलो लागेल. त्याहून बरेच कमी असतील तर ते बी पेरणीला वापरू नका. पेरताना आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, हा क्रम ठेवा, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरा.

बियाणे विकत घेताना खूणचिठ्ठीचा रंग पाहा. पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी आणि सत्यप्रत बियाण्याची हिरवी. चाचणीसाठी निळी चिठ्ठी असलेले बियाणे मिळाले तर उत्तम, कारण बी भेसळीचे असले तर चाचणीला अर्थच उरत नाही. आपण एका वाणाचे नाव वहीत लिहायचे आणि रानात चार वाण डोलायचे!

शेवटी एवढंच

शास्त्रज्ञाने दहा-बारा वर्षे खपून वाण आपल्या बांधापर्यंत आणून दिलेला असतो. त्याने तो आपल्या बांधाच्या आत मात्र पाहिलेला नसतो. ते आपलं काम. यंदा सगळं शिवार नव्या वाणाच्या स्वाधीन करू नका, आणि नव्याकडे पाठही फिरवू नका. बहुतेक रान ओळखीच्या वाणाखाली ठेवा, अर्ध्या एकरात चार पट्टे आखा, तराजू आणि वही वापरा. दोन हंगामांनी, कोणता वाण पेरायचा, हा प्रश्न विचारायला आपल्याला दुकानाच्या पायरीवर जावं लागणार नाही. गावातले चार जण तो आपल्या दारी येऊन विचारतील. तेव्हा त्यांना वही दाखवा, आणि नव्याचे साडेसात किलो बी देऊन त्यांच्याही शेतात पट्टे आखायला सांगा.